अप्पर डेकचे दोन रुपये



भात झोडून झाले, पेंढा रचला, कुळीथ पेरून झाला, की आमच्या मालवणकडच्या घरात थोडी सवड येते. यंदा त्या सवडीत मी आणि माझी वहिनी मुंबईला जाऊन आलो. उतरलो साकीनाक्याला, पुतण्याच्या घरी. मुंबई पाहण्यासाठी म्हणून लोक गिरगाव-दादरला उतरतात, साकीनाक्याला कोणी मुद्दाम जात नाही. पण ज्याचे माणूस तिथे, त्याची मुंबई तिथे. त्या आठ दिवसांत एक गोष्ट पाहिली, एक जुनी गोष्ट आठवली, आणि बावन्न वर्षांपूर्वीचा एक हिशेब निघाला. तोच तुमच्यापुढे मांडतो. त्यात तुम्हाला पुढेमागे मुंबईला गेल्यावर उपयोगी पडेल अशी माहितीही आहे.

साकीनाका

अंधेरीहून कुर्ल्याला जाणारा मोठा रस्ता आहे. त्याच्या साधारण मध्यावर साकीनाका. विमानतळ इतका जवळ, की विमान डोक्यावरून जाताना बोलणे थांबवावे लागते. घरातली मंडळी थांबतात आणि विमान गेले की वाक्य तिथूनच पुढे नेतात. आम्हाला ते जमायला दोन दिवस लागले. खैरानी रोडला आत शिरलात की लहान लहान कारखाने : कुठे पत्रा कापतात, कुठे कपडे शिवतात, कुठे खोकी बांधतात. वरच्या माळ्यावर माणसे राहतात, खाली यंत्र चालते. देशातल्या बहुतेक सगळ्या बोली त्या रस्त्यावर कानी पडतात.

माझा थोरला भाऊ गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो त्याच्यासारख्या हजारोंसाठी कधी संपलाच नाही. दीड वर्ष गावी शेती केली, मग ओळखीने साकीनाक्याच्या एका कारखान्यात माल बांधायच्या कामाला लागला. तिथेच खोली घेतली. सात वर्षांपूर्वी तो गेला. आता त्या खोलीच्या जागी इमारत झाली आहे आणि चौथ्या मजल्यावर पुतण्या, सूनबाई आणि त्यांची मुलगी राहतात. नात शिकून नोकरीला लागली आहे. वहिनी मात्र गावी असते. 'माका थंय जीव गुदमारता' असे म्हणते आणि बरोबरच म्हणते.

दर्यात टाकी

पहिल्याच रात्री जेवणे झाल्यावर नातीने फोन काढला आणि आजीला एक चित्र दाखवले. पांढरी शुभ्र बोट, दहा-अकरा मजल्यांची. वरच्या मजल्यावर निळ्या पाण्याचे कुंड, आणि कुंडाभोवती लांबट खुर्च्या. नातीने वर्षभर पैसे साठवले होते. आजीला घेऊन मुंबई ते गोवा सहल करायची, असा तिचा बेत.

ही गोष्ट नवी असली तरी अगदी कालची नव्हे. २०१८ साली 'आंग्रिया' नावाची बोट मुंबईहून गोव्याला सहलीसाठी निघू लागली होती. कान्होजी आंग्र्यांवरून तिचे नाव ठेवलेले. सामायिक दालनातल्या बिछान्यापासून स्वतंत्र खोलीपर्यंत निरनिराळी तिकिटे होती. पुढे ती बंद पडली. २०२१ च्या सप्टेंबरपासून 'कॉर्डेलिया' कंपनीची त्याहून मोठी बोट मुंबईहून निघू लागली. अशा बोटींवर जेवण, खेळ, गाणे सगळे असते आणि भाडे माणशी कित्येक हजारांत जाते. आमच्या भाषेत सांगायचे तर काजूबियांची दोन-तीन पोती एका माणसामागे गेलीच.

वहिनीने चष्मा लावून चित्र पाहिले. म्हणाली, "आवशी गे! दर्यात टाकी कित्याक बांधल्यानी?"

सगळे हसलो. पण तिचा प्रश्न काही खोटा नव्हता. चहूकडे समुद्र, आणि मध्ये माणसांनी पोहायला गोडे किंवा गाळलेले पाणी भरलेले कुंड! मग नात पुढे सांगू लागली. तिच्या ओळखीचे कोणी परदेशी अशा सहलीला जाऊन आले होते. तिथे म्हणे बोटीचे भाडे भरले तरी कुंडाकाठची चांगली खुर्ची मिळेलच असे नसते. पहाटे उठून लोक खुर्चीवर पंचा टाकून ठेवतात आणि स्वतः न्याहारीला निघून जातात. उरलेले उन्हात उभे. मग भांडणे होतात.

हे मी नंतर आणखी विचारून घेतले. कार्निव्हल नावाच्या अमेरिकन कंपनीच्या बोटींवर त्यासाठी नियमच आहे : रिकाम्या खुर्चीवर नुसते सामान असेल, तर खलाशी वेळ लिहून चिठ्ठी लावतो, आणि चाळीस मिनिटांत माणूस आला नाही तर सामान उचलून खुर्ची मोकळी करतो. प्रिन्सेस नावाच्या दुसऱ्या कंपनीने वेगळी वाट काढली. तिच्या बोटींवर मोठ्या माणसांसाठी एक शांत, सावलीचा कोपरा राखून ठेवलेला असतो. तिथे बसायचे तर अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचे वेगळे पैसे मोजायचे. कोणी त्याला सोय म्हणतात, कोणी लूट म्हणतात. "आम्ही भाडे भरलेच आहे, आता बसण्याचेही पैसे?" हा त्यांचा सवाल.

वहिनी हे सगळे मन लावून ऐकत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "म्हणजे तसाच हा. भाऊच्या धक्क्यासारख्या."

नातीला काही कळले नाही. मला कळले.

मे महिन्यातली आगबोट

देशावरच्या वाचकांना आमच्या आगबोटीची माहिती नसेल, म्हणून थोडे सांगतो. मुंबई-गोवा रस्ता धड नव्हता आणि कोकण रेल्वे तर १९९८ साली पुरी झाली. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे कोकणचा माणूस मुंबईला गेला तो पुष्कळदा पाण्यातून. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती पणजीला जायची. जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र लागे. पावसाळ्यात बोट बंद. काही बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब उभी राहायची आणि माणसे पडावात उतरून किनाऱ्याला यायची. एके काळी गोऱ्यांच्या कंपनीला टक्कर द्यायला आपल्या लोकांनी सहकारी तत्त्वावर बोटकंपनी काढली होती. लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत, आणि तिच्या बोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावे होती. ही सारी बोटसेवा १९८० नंतरच्या दशकात मंदावत मंदावत बंद झाली.

बोटीवर सर्वांत वर केबिनवाले. आपल्यासारख्यांसाठी दोन डेक : खालचा लोअर डेक आणि वरचा अप्पर डेक. वर वारा, खाली इंजिनाची धग, तेलाचा वास, आंब्याच्या करंड्या, कोंबड्या आणि ओकाऱ्या. वरचे तिकीट थोडे महाग. पण खरी गंमत तिकिटात नव्हती. डेकवर बाकडी थोडी, जमीनच जास्त. ज्याने सतरंजी पसरली त्याची जागा. आणि तुम्ही रांगेतून बोटीवर चढण्याआधीच काही हमाल वर जाऊन सतरंज्या, दोऱ्या, चटया पसरून बसलेले असत. वाऱ्याची जागा, आडोशाची जागा, सगळी त्यांच्या ताब्यात. तुम्ही गेलात की म्हणायचे, "शेठ, जागा पायजे? दोन रुपये." जागा तुमच्याच तिकिटातली, आणि विकणारा तो!

१९७४ सालचा मे महिना. मी अकरा वर्षांचा. परीक्षा झाल्यावर एका चाकरमान्याबरोबर मुंबई पाहायला गेलो होतो आणि भाऊ-वहिनीबरोबर परत येत होतो. वहिनीच्या कडेवर आठ महिन्यांचे मूल. तेच आज साकीनाक्याला राहते आणि त्याचेही केस आता पिकले आहेत. पावसाआधीच्या शेवटच्या फेऱ्या, त्यामुळे गर्दी अशी की मुंगीला वाट नाही. भावाने अप्पर डेकची तिकिटे काढली होती, हे मला पक्के आठवते. वर गेलो तर सगळीकडे सतरंज्या. एका हमालाने दोन रुपये सांगितले. भावाने शर्टाच्या आतल्या बंडीच्या खिशावर हात ठेवला, क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, "नाही देणार. तिकीट काढलंय मी."

हमाल म्हणाला, "मग उभे ऱ्हावा."

थोडा वेळ उभे राहिलो. मग ऊन चढले आणि आम्ही मुकाट खाली गेलो, इंजिनाच्या शेजारी जी एक हातभर जागा उरली होती तिथे. रत्नागिरी गेल्यावर मुलाला ओकाऱ्या सुरू झाल्या. वहिनीचे लुगडे भिजले. पाणी संपले. भाऊ उठून पाणी आणायचा आणि परत येऊन बसायचा. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. मध्यरात्रीच्या सुमारास जिन्यावरून एका अनोळखी बाईने हाक मारली, "बाय, पोराक घेऊन वर ये गो." तिने हमालाला पैसे देऊन जागा घेतली होती. आपले गाठोडे पायाशी ओढून तिने वहिनीला टेकायला जागा करून दिली. वाऱ्यावर पोर झोपले. बाई वेंगुर्ल्याची होती, एवढेच कळले. भाऊ मात्र वर आला नाही. सामानापाशी बसून राहिला.

वहिनीने ही गोष्ट पुढे कधी भांडणात काढली नाही. पण आमच्या घरात कधी कोणी 'उगाच दोन रुपये खर्च केले' असे म्हटले की ती उठून आत जायची. एवढे मला लहानपणापासून माहीत होते.

घारापुरीची लाँच

गोव्याची सहल वहिनीने नाकारली. "माका तेवढा पाणी नको," म्हणाली. नातीचा चेहरा उतरला. मग मधला मार्ग निघाला : गेटवेहून लाँचने घारापुरी. सकाळी जायचे, दुपारनंतर परत.

तुम्हाला जायचे असेल तर वाट सांगून ठेवतो. साकीनाक्याला मेट्रोचे स्टेशन आहे. ही वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. अंधेरीच्या दिशेने एकच स्टेशन गेले की मरोळ नाका. तिथे जमिनीखालची दुसरी मेट्रो मिळते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. हुतात्मा चौकाला उतरलो आणि तिथून गेटवेपर्यंत रमतगमत चालत गेलो. सरकत्या जिन्यावर वहिनीने माझा दंड असा धरला की दोन दिवस दुखत होता. पण आत एक गोष्ट तिला फार आवडली. म्हातारी माणसे, अपंग, गरोदर बाया यांच्यासाठी डब्यात राखीव जागा होत्या, आणि एक तरुण मुलगा तिला पाहताच न बोलता उठला. "ह्येचे पैसे नाय?" तिने विचारले. नाहीत म्हटल्यावर ती ऐसपैस बसली.

गेटवेला लाँचचे तिकीट जाण्यायेण्याचे एकच मिळते. ते परत येईपर्यंत जपून ठेवा. लेणी सोमवारी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात. अंतर सुमारे अकरा किलोमीटर, वेळ तासभर.

लाँच सुटली आणि एक माणूस पैसे गोळा करत फिरू लागला. "वर बसायचं असेल तर जादा." माणशी थोडेसेच रुपये, चहा-भज्याइतके. पुतण्याने लगेच पाचशेची नोट काढली. "पाचही जणांचे घ्या." त्याला आईला वर बसवायचे होते. त्याला ती बोट आठवणे शक्यच नाही, पण गोष्ट त्याने ऐकलेली होती.

वहिनी उठली, शिडीपाशी गेली. लाँचची शिडी म्हणजे उभी, अरुंद, लोखंडी. तिने एक पाय टाकला. दुसरा उचलेना. गुडघे राहिले नाहीत. त्यात लाँच डुलत होती. ती मागे फिरली आणि खालीच कडेच्या बाकावर बसली. "तुमी जावा वर. माका हयच बरा."

वाचकहो, तेव्हा गुडघे होते, तर दोन रुपये नव्हते. आता पुतण्याच्या हातात पाचशेची नोट, तर गुडघे नाहीत. मला काय बोलावे ते सुचेना. सूनबाई आणि नात वर गेल्या. पुतण्या आणि मी खाली तिच्याजवळ बसलो. तशी खाली जागा वाईट नव्हती. बाजू उघडी, पाणी हाताशी, वारा थोडा. मुंबईच्या इमारती मागे मागे जात होत्या. हिवाळ्यात पाहुणे आलेले कुरव पक्षी लाँचच्या बरोबरीने उडत होते आणि वरची मंडळी त्यांना कुरकुरीत खाऊ टाकत होती. तसे करू नये. त्या पाखरांना ते खाणे मानवत नाही.

आणि तेवढ्यात मला बंडीचा खिसा आठवला.

बावन्न वर्षांनी

त्या पहाटे मालवणला बोट लांब उभी राहिली. अंधारात पडावात उतरलो, किनाऱ्याला आलो. तिथून आमचे गाव तीन कोस. वडिलांनी निरोप धाडला होता की गाडी पाठवत नाही, बैल कामात आहेत, चालत या. वहिनी रात्रभर जागलेली, मूल मलूल. भाऊ मला बंदरावर सामानापाशी बसवून एका गाडीवानाकडे गेला. मी उठून मागोमाग गेलो होतो. त्याने बंडीच्या खिशातून दोन रुपयांची नोट काढून गाडीवानाला दिली. मी पाहिले हे त्याने पाहिले. म्हणाला, "घरी बोलू नको हां. गाडी आपल्याच वाटेने चालली होती, असं सांगायचं." वडिलांचा स्वभाव कडक. चालायच्या वाटेला गाडी केली म्हणून ते चार दिवस बोलले नसते. मी कबूल केले, आणि पोरवयात दिलेला शब्द इतका पाळला की पुढे विसरूनच गेलो.

मी लाँचमध्ये वहिनीला हे सांगितले. म्हटले, "वहिनी, ती गाडी फुकटची नव्हती. हमालाला न दिलेले दोन रुपये होते ते. त्याच्याजवळ तेवढेच होते."

ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. पुतण्या माझ्याकडे पाहत राहिला. मग ती म्हणाली, "मगे तेव्हाच सांगूक काय झालां होतां?"

हा प्रश्न भावाला होता की मला, ते मी विचारले नाही. दोघांनाही असावा. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "भावजी, तुमी दोघंय तसलेच." आणि पिशवीतून लाडवाचा डबा काढून पुतण्यापुढे धरला.

जादा पैसे कधी द्यावेत?

घारापुरीची लेणी पाहावीत अशीच आहेत. १९८७ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत. सुमारे वीस फूट उंचीचे ते तीन मुखांचे शिवाचे शिल्प पाहताना माणूस गप्प होतो. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खुर्चीची डोली मिळते, तिचे पैसे वेगळे. वहिनी डोलीत बसली नाही. "माणसांच्या खांद्यार बसून देवाक खय जातत?" म्हणून ती पायथ्याशी एका कणसे विकणाऱ्या बाईपाशी गप्पा मारत बसली. त्या बाईकडून तिला कळले की या बेटावर वीज २०१८ साली आली, तीही समुद्राखालून तार टाकून. समोर मुंबई रात्रभर झगमगते आणि बेटावरच्या तीन वाड्या त्याआधी अंधारात. आम्ही लेणी पाहिली, पण गावाची हकिगत तिनेच आणली.

परतताना मी एकच विचार करत होतो. बसायच्या जागेचे जादा पैसे द्यावेत की नाही? माझ्या शेतकरी डोक्याला जे पटले ते सांगतो.

पाटाच्या पाण्याची पाळी आपल्याला माहीत आहे. पाळी लिहिलेली असते, शेवटच्या टोकाच्या शेतालाही तिचा वाटा असतो. कोणी वरच्या अंगाला बांध घालून बसला आणि खालच्याला म्हणाला, "चार पैसे टाक, मग सोडतो," तर ते पाण्याचे मोल नव्हे. ते बांधाचे मोल झाले. हमालाची सतरंजी म्हणजे तसला बांध होता. परदेशी बोटीवर पहाटे टाकलेला पंचा तसाच. एसटीच्या खिडकीतून आपण रुमाल टाकतो, तोही त्याच जातीचा. फरक एवढाच की रुमाल आपला असतो, म्हणून तो आपल्याला खुपत नाही.

दुसरे पैसे वेगळे. कोणी सावली केली, खुर्ची दिली, ती पुसली, राखली, आणि दर फळ्यावर लिहिला, तर ती सेवा झाली. परवडत असेल तर घ्यावी, नसेल तर सोडावी. त्यात लाज नाही आणि मोठेपणाही नाही. एसटीचे आरक्षण करतो तसेच ते. मात्र ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांना बसायला पुरेशी, धड जागा उरली पाहिजे. सगळी वाऱ्याची जागा विकायची आणि बाकीच्यांना इंजिनाशेजारी ढकलायचे, ही सोय नव्हे.

आणि तिसरी गोष्ट पैशांनी कधीच विकू नये, ती म्हणजे जीव. १७ जुलै १९४७ ला, आषाढी अमावास्येच्या सणाला घरी निघालेली माणसे घेऊन 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. वादळात घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि बोट कलंडली, असे आमचे जुने लोक सांगत. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि तेराहून अधिक माणसे दगावली. म्हणून सांगतो, वर बसा की खाली बसा, अंगात तरंगते जाकीट घाला. लाँचवर ते मागून घ्यायला लाजू नका. पोरांना आधी घाला. आणि पाखरे पाहायला किंवा फोटो काढायला सगळ्यांनी एकाच बाजूला जाऊ नका.

व्यवहाराचे आणखी एक. जाताना सकाळी वर बसायला मजा येते. परतताना दुपारचे ऊन असते आणि उघड्या डेकवर डोके तापते. आमच्याही लाँचवर निम्म्या वाटेत वरची माणसे खाली येऊ लागली. पैसे देऊन वर गेलेली! त्यात कडेवर पोर घेतलेली एक तरुण मुलगी होती, परप्रांतातली असावी. बाके भरली होती. ती खांबाला धरून उभी राहिली.

वहिनीने शेजारची पिशवी उचलून पायाशी घेतली आणि बाकावर हात आपटला. "बस गो," म्हणाली. मुलीला मराठी येत नव्हते, पण हाताची भाषा कळली. ती बसली. पोर वाऱ्यावर झोपले. गेटवे येईपर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.

रात्री साकीनाक्याला परत आलो. विमाने चालूच होती. नातीने विचारले, "आजी, गोव्याच्या बोटीचं काय करायचं? पैसे तसेच आहेत."

वहिनी म्हणाली, "ठेव ते. मे महिन्यात गावाक ये. मालवणच्या बंदरार जाऊया. तुझ्या आज्यान खय गाडी केल्यान, ता तुझो काको-आजो दाखयतलो."

मे महिन्यात नात येणार आहे. ती गाडी जिथे उभी होती तिथे आता काय आहे, हे मला आठवत नाही. त्याआधी एकदा बंदरावर जाऊन पाहून यायला हवे.